बिछायत केंद्रातले दोन रेकॉर्ड प्लेअर: कार्ट्रिज कशानं गेलं, काय बदललं

साकोली तालुक्यातल्या एका गावात मंडप-बिछायतीचा धंदा दोन पिढ्यांपासून चालत आला आहे. डीजे येण्याआधी लग्नाला, बारशाला, शंकरपटाला इथूनच भोंगे, अ‍ॅम्प्लिफायर आणि रेकॉर्डची पेटी बैलबंडीवर चढून जायची. त्या काळचे दोन रेकॉर्ड प्लेअर आणि साठा अजून घरात आहे: ७८ वेगाच्या (मिनिटाला ७८ फेऱ्या) लाखेच्या तबकड्या १४०, ४५ वेगाच्या छोट्या ईपी साठेक, ३३ वेगाच्या मोठ्या एलपी ३८. त्यांत नाट्यगीतं आहेत, भावगीतं, लावण्या आणि हिंदी सिनेमाची गाणी आहेत. घरच्यांच्या अपेक्षा दोन होत्या. नवरात्रात भजनमंडळाच्या माणसांना ७८ च्या तबकड्या प्रत्यक्ष वाजवून ऐकवायच्या, आणि पुढं सगळा साठा संगणकावर उतरवून ठेवायचा.

तक्रार मालकांच्या शब्दांत अशी: "आवाज येते, पण घशात अडकल्यावानी येते." दुसऱ्या प्लेअरवर आवाज मोठा होता, पण प्रत्येक 'स' आणि 'श' फाटत होता. घरात निदान आधीच ठरलं होतं की सुया झिजल्या. नागपूरला सीताबर्डीत जाऊन दोन सुया आणायच्या आणि काम संपवायचं. तसं केलं असतं तर त्यातली एक सुई पूर्ण वाया गेली असती. ती का, हे कळण्यासाठी कार्ट्रिजमध्ये, म्हणजे सुई धरून तिच्या हालचालीची वीज करणाऱ्या डबीत, काय काय मरू शकतं ते वेगवेगळं पाहावं लागतं.

कार्ट्रिजचे तीन भाग धरा. खाचेत फिरणारं टोक. ते टोक ज्या दांडीवर बसतं ती दांडी आणि तिला धरून ठेवणारं रबर. आणि दांडीच्या हालचालीतून वीज तयार करणारा भाग, म्हणजे स्फटिक किंवा चुंबक आणि कॉइल. वाजवल्यानं झिजतं ते फक्त टोक. बाकीचे दोन भाग पडून राहिल्यानं, उष्णतेनं आणि दमटपणानं जातात. आपल्या भागात माळ्यावर वीस-पंचवीस वर्षं पडलेल्या प्लेअरमध्ये टोकाआधी रबर किंवा स्फटिक गेलेलं असण्याचीच शक्यता जास्त.

पेटीवाला प्लेअर

सूटकेससारख्या पेटीतला, चार वेगांचा (१६, ३३, ४५, ७८). मोटरच्या पुलीवरून रबरी चाक थाळीला फिरवतं. आर्मच्या (सुईकडचा फिरता दांडा) टोकाला उलटसुलट होणारं कार्ट्रिज, एका बाजूला ७८ ची सुई आणि दुसऱ्या बाजूला एलपीची. मागं दोनच पिना, म्हणजे मोनो.

तपासणी मागून पुढं करायची, अ‍ॅम्प्लिफायरपासून सुईकडं. आवाज कमी ठेवून प्लेअरची वायर काढली आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटच्या मधल्या टोकाला बोट लावलं. घूं असा ठसठशीत आवाज आला, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर आणि भोंगा ठीक. (हा प्रयोग ट्रान्सफॉर्मर असलेल्या अ‍ॅम्प्लिफायरवरच करायचा. व्हॉल्व्हच्या काही जुन्या प्लेअरमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चासीवर थेट मेनचा करंट असतो. तिथं बोट लावणं जिवावर बेतेल.) मग कार्ट्रिजच्या क्लिपा काढून मल्टिमीटरनं क्लिपपासून प्लगपर्यंत दोन्ही तारा पाहिल्या. दोन्ही शाबूत होत्या.

उरलं कार्ट्रिज. स्फटिकाचं किंवा सिरॅमिकचं कार्ट्रिज विजेच्या दृष्टीनं छोटा कपॅसिटर असतं. चांगलं असेल तर ओमच्या रेंजवर मीटर काहीच दाखवत नाही, सर्किट उघडं दिसतं, आणि कपॅसिटन्सच्या रेंजवर काही शे पिकोफॅरड येतात. इथं ओमवर ३८ किलोओम दाखवत होतं. कपॅसिटरमधून इतकी गळती म्हणजे आतला स्फटिक पाणी प्यायलेला. झाकण काढलं तेव्हा पापुद्र्याच्या कडांना पांढरी भुकटी आणि मधे चिकट डाग होता. सुई मात्र, त्यातही ७८ ची, भिंगाखाली बरी दिसली.

हा स्फटिक रोशेल सॉल्टचा, म्हणजे सोडियम पोटॅशियम टार्टरेटचा. दाबला की वीज देतो आणि भरपूर देतो, म्हणून स्वस्त प्लेअरमध्ये तोच असायचा. पण त्याचा जीव फार नाजूक. साधारण ५५ अंश सेल्सिअसला तो स्वतःच्याच पाण्यात विरघळू लागतो. हवेतला ओलावा ३०-३५ टक्क्यांच्या खाली गेला की त्यातलं पाणी उडून भुकटी होते, आणि ८५ टक्क्यांच्या आसपास गेला की तो हवेतलं पाणी ओढून पाघळतो. आता आपलं वर्ष आठवा. नवतपात बाहेर ४५-४६ अंश असताना पत्र्याखालच्या माळ्यावर, काळ्या झाकणाच्या बंद पेटीत ५५ सहज ओलांडतं. त्याच दिवसांत दुपारची हवा कोरडी ठणठणीत असते. आणि श्रावणात धानाच्या बांध्या भरल्या की तीच पेटी ओल ओढते. स्फटिकाला मारणाऱ्या तिन्ही गोष्टी एकाच माळ्यावर, दरवर्षी. म्हणून विदर्भात जुनं क्रिस्टल कार्ट्रिज जिवंत सापडणं हीच नवलाची गोष्ट आहे. 'जुना पण न वापरलेला, पॅकबंद' असा माल कोणी देऊ केला तरी घेऊ नये. पॅकबंद डबीतही स्फटिक तितकाच म्हातारा होतो.

इथं आणखी एक बिघाड लपलेला होता, आणि तो कार्ट्रिजचा नव्हता. जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर मोडीत गेल्यावर प्लेअर नव्या अ‍ॅम्प्लिफायरच्या ऑक्सला (बाहेरच्या यंत्राचा आवाज घेणारा इनपुट) जोडला गेला होता. ऑक्सचा इनपुट साधारण ४७ किलोओमचा. सिरॅमिकचा कपॅसिटन्स ६०० पिकोफॅरड धरला तर ४७ किलोओमवर ५,६०० हर्ट्झच्या खालचा सगळा आवाज उतरणीला लागतो. हार्मोनियम, तबला, गाण्याचा भरदारपणा सगळं त्याच्या खालीच असतं. तेच १ मेगाओमवर जोडलं तर ही हद्द २६५ हर्ट्झवर येते. म्हणजे नवंकोरं कार्ट्रिज बसवूनही आवाज घशात अडकलेलाच राहिला असता, आणि दोष नव्या मालावर गेला असता.

पेटीत काय बसवलं

रोशेलच्या जागी सिरॅमिक. बेरियम टायटनेट किंवा लेड झिर्कोनेट टायटनेटच्या या पट्ट्यांना आपला उन्हाळा आणि पावसाळा काही करत नाही. आवाज थोडा कमी मिळतो, ३०० मिलिव्होल्टच्या आसपास, पण पुरतो. एका बाजूला ७८ ची ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग; ७५ मायक्रॉन) आणि दुसऱ्या बाजूला ०.७ मिलची (१८ मायक्रॉन) सुई असलेली उलटसुलट सिरॅमिक कार्ट्रिज अजून मिळतात. घेताना तीन गोष्टी विचारायच्या: ७८ ची सुई खरोखर ३ मिलची आहे का, वजन किती ग्रॅम लागतं, आणि बसवण्याची पद्धत कोणती. भोकांतलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, असेल तर पट्टी करून कुठल्याही आर्मला बसवता येतं. ०.७ मिलची सुई ७८ च्या रुंद खाचेत तळाशी घासत जाते. आवाज खरखरतो आणि सुई लवकर जाते. ३ मिलची सुई एलपीवर टेकवली तर ती खाचेत शिरतच नाही, वरच्या कडा खरडते.

जुनं कार्ट्रिज पट्टीसकट सराफी काट्यावर ५.२ ग्रॅम भरलं, नवं २.६. या आर्मला मागं वजन नाही, स्प्रिंग आहे. जुन्या कार्ट्रिजसह सुईवर ७.२ ग्रॅम दाब येत होता. नवं हलकं, त्यामुळं दाब ४.६ वर आला. नव्याला ५ ते ६ ग्रॅम हवा. स्प्रिंगला हात न लावता हेडशेलमध्ये, म्हणजे आर्मच्या टोकाच्या कार्ट्रिज बसवायच्या खोबणीत, कार्ट्रिजच्या वर ०.९ ग्रॅमचा पितळी वॉशर घातला आणि दाब ५.५ झाला. स्प्रिंग ओढून दाब वाढवण्याचा मोह होतो, पण जुन्या स्प्रिंगचा हूक तुटला तर जोड मिळत नाही. आणि कमी दाब म्हणजे रेकॉर्डवर दया, असं नाही. दाब कमी पडला की सुई खाचेत उड्या मारते आणि भिंतीला टोचे पडतात. नुकसान त्यानं जास्त होतं.

नवं कार्ट्रिज स्टिरिओ, चार पिनांचं. ७८ ची खाच फक्त आडवी हलते. उभ्या हालचालीत गाणं नसतं, खरखर असते. दोन्ही बाजूंच्या धन पिना एकत्र आणि ऋण पिना एकत्र जोडल्या की उभ्या हालचालीतला आवाज एकमेकांत जिरतो. वर कपॅसिटन्स दुप्पट, १२०० पिकोफॅरड होतो. त्यापुढं प्लेअरच्या पेटीतच, धन तारेत १ मेगाओमचा पाव वॉटचा रेझिस्टर मालिकेत घातला आणि शील्ड वायरनं अ‍ॅम्प्लिफायरच्या माइक इनपुटला नेलं. कार्ट्रिजला आता १ मेगाओमचा भार दिसतो, खालची हद्द १३० हर्ट्झवर येते, आणि ४.७ किलोओमच्या माइक इनपुटवर साधारण दीड मिलिव्होल्ट पोहोचतो, माइकइतकाच. रेझिस्टर अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकाला न लावता पेटीत लावला, कारण रेझिस्टरनंतरची लांब वायर कमी ओमवर राहते आणि घूं कमी ओढते. सिरॅमिकला आवाज वाढवून समतोल करणारा फोनो प्रीअ‍ॅम्प लागत नाही. सिरॅमिकचा आवाज रेकॉर्डच्या समीकरणाशी (रेकॉर्ड कापताना खालचे सूर दबवून वरचे चढवतात, त्याची उलट भरपाई) बऱ्यापैकी आपोआप जुळतो.

दुसऱ्या दिवशी ७८ चा वेग तपासला. थाळीवर कागदी स्ट्रोब चकती ठेवायची: ५० हर्ट्झच्या दिव्याखाली ७८ साठी ७७ पट्ट्या, ४५ साठी १३३, ३३ साठी १८० पट्ट्या स्थिर दिसल्या पाहिजेत. एलईडी बल्ब बहुतेक वेळा इतका लुकलुकत नाही, त्यामुळं पट्ट्या दिसत नाहीत. जुना पिवळा बल्ब लावा, किंवा निऑनचा टेस्टर सॉकेटात धरून त्याच्या उजेडात पाहा. इन्व्हर्टरवर ही तपासणी करू नये. इन्व्हर्टरची फ्रिक्वेन्सी ५० वरून सरकली तर मोटर आणि दिवा दोघेही सोबतच सरकतात आणि चुकीचा वेगही बरोबर दिसतो. इथं मेनवर पट्ट्या मागं सरकत होत्या, म्हणजे वेग कमी. रबरी चाकाची कडा काचेसारखी गुळगुळीत झाली होती. बारीक पॉलिश पेपर फिरत्या चाकाला हलकासा लावून चकाकी काढली, थाळीची आतली कडा आणि पुली स्पिरिटनं पुसली, चाकाच्या दांडीतलं वाळलेलं ग्रीस काढून मशीन ऑइलचा एकच थेंब दिला. पट्ट्या थांबल्या.

या प्लेअरसाठी घरच्यांना एक नियम सांगितला आणि तो पेटीच्या झाकणावर लिहून चिकटवला: यावर फक्त ७८ वाजवायच्या. साडेपाच ग्रॅमवर एलपी वाजते, पण झिजते. जुन्या मोनो कार्ट्रिजवर तर स्टिरिओ एलपी कधीच लावू नयेत. ते उभं हलतच नाही, त्यामुळं स्टिरिओची खाच पहिल्याच फेरीत खरवडली जाते.

दुसरा प्लेअर

बेल्टवर चालणारा, ३३ आणि ४५ असे दोनच वेग, मागं फिरवण्याचं वजन, सुटं होणारं हेडशेल, आणि फिरत्या चुंबकाचं कार्ट्रिज. इथं चित्र नेमकं उलटं निघालं. दोन्ही कॉइल मोजल्या: ६९० आणि ७०० ओम. जिवंत आणि जवळजवळ सारख्या. पण समोरून पाहिलं तर कार्ट्रिजचं पोट रेकॉर्डला जवळपास टेकत होतं, धुळीचे केसर त्याला चिकटले होते, आणि दांडी एका बाजूला कललेली होती. दांडी धरणारं रबर सैल पडलं होतं.

टोक पाहायला तालुक्याच्या पॅथॉलॉजी लॅबमधला मायक्रोस्कोप वापरता येतो. १० चं भिंग आणि १० चा आयपीस म्हणजे १०० पट, आणि एवढं पुरतं. खालून येणारा उजेड बंद करून वरून, तिरपा, छोट्या टॉर्चचा उजेड टाकायचा. सुई कार्ट्रिजमधून उपसून काढायची आणि टोक वर करून स्लाइडवर मऊ पुट्टीत उभी करायची. नवं टोक गोल असतं, त्यावर एकच चमकता ठिपका दिसतो. झिजलेल्या टोकावर दोन्ही बाजूंना दोन सपाट, आरशासारखे डाग दिसतात. इथं ते होते. तेच डाग 'स' आणि 'श' फाडत होते, कारण उंच स्वरांची बारीक वळणं सपाट कडेला पकडता येत नाहीत. अशी सुई आवाज बिघडवून थांबत नाही, खाच कापत जाते, आणि ती कापलेली खाच नव्या सुईनं दुरुस्त होत नाही. एलपी वाजवणं त्याच क्षणी बंद केलं.

कॉइल चांगल्या असताना फक्त सुई बदलून चाललं असतं का? एलपीपुरतं चाललं असतं. या मॉडेलची नक्कल सुई मिळत होती. पण तिच्या टोकाचा आकार डबीवर लिहिलेला नव्हता, आणि या बॉडीसाठी ७८ ची ३ मिलची सुई कुठंच मिळेना. १४० तबकड्या संगणकावर उतरवायच्या होत्या, आणि ते काम पेटीवाल्या प्लेअरवर करण्याइतका त्याचा आवाज स्वच्छ नाही. म्हणून चालू कॉइल बाजूला ठेवून पूर्ण कार्ट्रिज बदललं: ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ मालिकेतलं. कारण साधं, एकाच बॉडीत वेगवेगळ्या सुया बसतात. एलपीसाठी व्हीएम९५ई ची लंबवर्तुळाकार सुई, २.० ग्रॅमवर (१.८ ते २.२ चालतं). ७८ साठी व्हीएम९५एसपी ची ३ मिलची गोल सुई, ५.० ग्रॅमवर (४.५ ते ५.५). सुई बदलायला हात लागतो, स्क्रूड्रायव्हर लागत नाही.

बसवण्याचा क्रम असा. हेडशेल आर्मवरून काढायचं आणि टेबलावर पांढरं फडकं अंथरायचं, म्हणजे पडलेला स्क्रू सापडतो. सुईवर संरक्षक टोपी ठेवायची. क्लिपा पिनेवर बोटानं न दाबता चिमट्यानं, सरळ बसवायच्या. क्लिप सैल असेल तर तिच्यात टूथपिक घालून बाहेरून हलकेच चिमटायची. क्लिप तुटली तर नवी क्लिप टूथपिकवर धरून बाहेरच सोल्डर करायची. कार्ट्रिजच्या पिनेवर गरम सोल्डरिंग आयर्न कधीच टेकवायचं नाही. आतली तार केसाहून बारीक असते, ती दोन सेकंदांत सुटते. रंग ठरलेले आहेत: पांढरा डावा धन, निळा डावा ऋण, लाल उजवा धन, हिरवा उजवा ऋण. या कार्ट्रिजच्या बॉडीतच आटे आहेत, नट लागत नाही. सोबत आलेलेच स्क्रू वापरायचे आणि सुरुवातीला फक्त अडकतील इतकेच फिरवायचे.

मग कोन. छापायचा प्रोट्रॅक्टर (कार्ट्रिजचा कोन जुळवायचा कागद) प्रिंटरनं शंभर टक्के आकारात काढला आहे का, हे आधी पट्टीनं मोजायचं. पानावर मावण्यासाठी प्रिंटर आकार कमी करतो आणि सगळं काम चुकतं. इथं छापलेली १०० मिलिमीटरची रेघ पहिल्यांदा ९६ भरली होती. मध्यापासून ६६.० आणि १२०.९ मिलिमीटरवरच्या दोन बिंदूंवर सुई टेकवायची आणि दांडी रेघांना समांतर आहे का पाहायचं. कार्ट्रिजची बॉडी पाहायची नाही, दांडी पाहायची. एका बिंदूवर जुळतं आणि दुसऱ्यावर तिरपं होतं, तेव्हा कार्ट्रिज हेडशेलमध्ये पुढं किंवा मागं सरकवायचं आणि पुन्हा दोन्ही पाहायचं. जुळलं की स्क्रू आळीपाळीनं आवळायचे.

दाब आर्मवरच्या आकड्यांवरून लावायचा आणि काट्यावर तपासायचा. इथं सराफी काटा फसवतो. त्याच्या आतलं लोखंड कार्ट्रिजच्या चुंबकाला ओढतं आणि आकडा चढा येतो. शिवाय काट्याची ताटली रेकॉर्डपेक्षा उंच असते. काट्यावर आडवी प्लास्टिकची पट्टी ठेवून तिचं टोक बाहेर काढायचं, काटा शून्य करायचा आणि सुई त्या टोकावर, रेकॉर्डच्याच उंचीला टेकवायची. पट्टीचा भार काट्यावर सरळ पडतो आहे, ती कलत नाही, हे पाहायचं. आर्मवरचे आकडे ४ पर्यंतच होते. ७८ च्या ५ ग्रॅमसाठी शून्य जुळवल्यावर मागचं वजन आकड्यांच्या पुढं फिरवत काट्यावर ५.० आणलं आणि त्या जागी पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला.

काय बिघडलं

एलपी सुंदर वाजली. मग ७८ साठी डावी-उजवी एकत्र करताच गायकाचा आवाज जवळजवळ नाहीसा झाला. फक्त खरखर आणि लांबून आल्यासारखे सूर उरले. कार्ट्रिज खराब निघालं असा पहिला संशय येतो. खरं कारण हेडशेलच्या जुन्या तारा होत्या. त्यांचे रंग उडाले होते आणि उजव्या बाजूच्या धन-ऋण क्लिपा उलट बसल्या होत्या. स्टिरिओत हे चटकन कळत नाही, गाणं फक्त पसरट वाटतं. दोन्ही बाजू एकत्र केल्या की मात्र एकीचा पुढं जाणारा सूर दुसरीचा मागं येणारा सूर खातो. क्लिपा अदलाबदल केल्यावर आवाज मधोमध, भरीव आला. जुन्या हेडशेलवर काम करताना रंगांवर विश्वास न ठेवता मल्टिमीटरनं पिन ते प्लग चारही तारा पाहून घ्याव्यात, हे या प्रकरणानं पुन्हा दाखवलं.

घूं चा त्रासही झाला. या घरात आर्थिंगचा खड्डा मे महिन्यात कोरडा पडतो आणि चासीवर हलका झटका लागतो. खड्ड्यात पाणी टाकणं गरजेचंच आहे, पण घूं त्यानं गेलं नाही. प्लेअरची अर्थची सुटी तार फोनो प्रीअ‍ॅम्पच्या स्क्रूला बांधल्यावर गेलं. कूलर चालू असला की त्याचा झोत आर्मवर येत होता. तो दुसऱ्या भिंतीकडं वळवला.

७८ च्या तबकड्या ४५ वर

या प्लेअरला ७८ चा वेग नाही, तरी उतरवण्याचं काम होतं. तबकडी ४५ वर वाजवून रेकॉर्ड करायची आणि ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचा संगणक प्रोग्राम) वेग ४५ वरून ७८ करायचा, म्हणजे १.७३३ पट. आवाज आणि लय दोन्ही जाग्यावर येतात. हळू फिरल्यामुळं वाकड्या तबकडीवर सुई उडण्याची शक्यताही कमी होते.

फक्त एक काळजी. फोनो प्रीअ‍ॅम्प १९५४ पासूनच्या आरआयएए समीकरणानं आवाज सारखा करतो. वेग नंतर वाढवला की त्या समीकरणाची ५०० हर्ट्झची वळणजागा (जिच्या खाली ते खालचे सूर उचलतं) ८६६ वर सरकते आणि गाणं फुगीर होतं. म्हणून आधी आरआयएए उलटं लावून आवाज सपाट करायचा, मग वेग बदलायचा, मग ७८ चं समीकरण लावायचं. एचएमव्हीच्या जुन्या ७८ साठी २५० हर्ट्झची वळणजागा आणि वरच्या पट्टीत काहीही कपात नाही, इथून सुरुवात करून कानानं जुळवायचं.

वाजवण्याआधी तबकड्या धुणं सोडू नये. नव्या सुईखाली वीस वर्षांची धूळ म्हणजे पॉलिश पेपर. ७८ ची तबकडी लाख आणि दगडाची बारीक पूड यांची असते. गोंदिया-गडचिरोलीत पळसावर, कुसुमावर पिकते तीच लाख. आणि लाख स्पिरिटात विरघळते हे पॉलिशवाल्या सुताराला विचारलं तरी तो सांगेल. म्हणून ७८ ला स्पिरिट, सॅनिटायझर, आयसोप्रोपिल काहीही लावायचं नाही. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर एक लिटर, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेनं. लेबल कोरडं ठेवायचं. मग साध्या डिस्टिल्ड वॉटरनं पुसून सावलीत उभ्या वाळवायच्या. एलपीला एक भाग आयसोप्रोपिल आणि चार भाग डिस्टिल्ड वॉटर चालतं. सुई पुसायची ती मागून पुढं, कोरड्या ब्रशनं. दांडीच्या रबराला स्पिरिट लागू द्यायचं नाही.

दोन्ही प्लेअर आता माळ्यावरून खाली, कवेलूच्या खोलीत, पश्चिमेचं ऊन न येणाऱ्या भिंतीला आहेत. बेल्टवाल्याच्या दोन्ही सुया वापरात नसताना उपसून, डबीत, कपाटात ठेवल्या जातात. हिऱ्याची सुई एलपीवर ढोबळमानानं ५०० ते १००० तास चालते, लाखेच्या पूडभरल्या खाचेत त्याहून कमी. पण १४० तबकड्यांच्या २८० बाजू ४५ वर वाजवायला पंचवीस-सव्वीस तासच लागतात, तेव्हा एक सुई सगळ्या साठ्याला पुरून उरेल. तडा गेलेल्या आठ तबकड्या वेगळ्या काढून ठेवल्या आहेत. बाकीचा साठा उतरून झाल्यावर त्या शेवटी वाजवायच्या, कारण तड्याच्या कडेवर सुई आपटून दांडी वाकली तर उरलेलं सगळं काम थांबेल.